थोरलीची सवाष्ण

अविधवा नवमीच्या दिवशी सकाळी साडेआठला सवाष्ण आजारी पडावी, याला काय म्हणावं. हे कुटुंब वाशीच्या या तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्याला दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून तळमजल्यावरच्या सरस्वतीबाई दरसाल थोरलीच्या नावाने जेवायला येत होत्या, एकदाही चुकल्या नव्हत्या. आणि आज सुचित्रा आठवण करायला खाली गेली, तर बाई डोक्यावरून चादर घेऊन कुडकुडत पडलेल्या.

"एकशे तीन ताप आहे," सुचित्राने वर येऊन सासूला सांगितलं. "बसवतसुद्धा नाहीये त्यांना."

बायजाबाई वड्यांचं पीठ मळत होत्या. त्यांचे हात परातीतच थांबले.

"मला वाटलंच व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "देव्हाऱ्यातला दिवा सकाळधरनं तीनदा इझला. थोरलीच्या मनात कायतरी हाय यंदा."

थोरली म्हणजे रखमा, दिनानाथरावांची पहिली बायको. सुधीर सहा महिन्यांचा असताना ती गेली, त्याला आता बेचाळीस वर्षं होत आली. बायजाबाई तिच्या जागी आलेल्या. अंगाची हळद निघाली नव्हती तोवर सासऱ्याने त्यांच्या हातात चांदीचा टाक ठेवला होता, बोटाच्या पेराएवढा, वर बाईचं चित्र ठोकलेलं. ही तुझी थोरली, हिला रोज अंघोळ घालायची, हिला दाखवल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. सोळा वर्षांच्या पोरीने मान डोलावली आणि आजतागायत ते पाळलं. सुधीरला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे स्वतःची मुलगी झाली, ती चार वर्षांची होऊन तापात गेली. मग श्यामसुंदर. मुलगी गेली तेव्हा शेजारणी कुजबुजल्या की थोरलीने नेली, आणि बायजाबाईंनी ते मनात धरलं ते धरलंच. त्यात दरसाल पितरांची पानं गच्चीवर ठेवली की बाकी सगळी पानं कावळे घटकेत साफ करत आणि थोरलीच्या पानाला चोच लावत नसत. सातारा सोडून मुंबईला, मग वाशीला आले तरी तेच. इथले कावळेसुद्धा फितूर झाले, असं श्यामसुंदर हसण्यावारी नेई. बायजाबाई हसत नसत.

"आजी," दारातून सुधीर-सुचित्राची मुलगी वैजयंती म्हणाली. तिने चपला घातल्या होत्या. "मी आणते सवाष्ण."

"तू कुटनं आनशील?"

"मी फिल्डवर्कला जाते ना, तिथली एक बाई आहे. तुमच्या साताऱ्याकडचीच."

"नवरा हाय न्हवं तिचा?"

"आहे."

"कुटं असतो?"

"इथेच वाशीला," वैजयंती म्हणाली. बोललं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण ते बोलताना जिना उतरून पळून जावंसं वाटत होतं.

आतल्या खोलीत आबांनी पेपरचं पान उलटलं. दिनानाथराव सकाळीच तर्पण उरकून तिथे बसत ते सवाष्ण जेवून जाईपर्यंत बाहेर येत नसत. मग चहा घेऊन एकटेच फेरफटका मारून यायचे. वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

पनवेलच्या बसमध्ये खिडकीशी बसून वैजयंतीने पर्समधला फॉर्म पुन्हा एकदा उघडून पाहिला. तीच घडी, तेच रकाने. महिनाभर ती हा कागद उशाखाली घेऊन झोपत होती.

समाजकार्याच्या पदवीचं तिचं हे शेवटचं वर्ष. आठवड्यातले दोन दिवस प्रत्यक्ष काम करायचं, त्याचं रेकॉर्डिंग लिहायचं, ते बाईंकडून तपासून घ्यायचं. तिच्या मीना मॅडम याबाबतीत भारी कडक. समोरचा माणूस बोलला ते जसंच्या तसं डावीकडे लिहा, तुम्हाला काय वाटलं ते उजवीकडे समासात लिहा, दोन्हींची खिचडी केलीत तर वही परत मिळेल, असा त्यांचा खाक्या. जूनमध्ये तिला पनवेल रस्त्यावरचं निवारागृह मिळालं. वेड्यांच्या इस्पितळातून बऱ्या झालेल्या, पण ज्यांना न्यायला कोणीच आलं नाही अशा बायका तिथे राहत. घरी येऊन हे सांगितल्यावर आबा जेवता जेवता थांबले होते. एरवी नातीच्या शिक्षणात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "तिकडे नको. दुसरीकडे घाला म्हणावं तुमच्या मॅडमना." कारण विचारलं तर ताटावरून उठून गेले.

ऑगस्टमध्ये तिच्या वाट्याला ती फाईल आली. नाव, रखमा दिनानाथ शेलार. दाखल केलं त्या वेळचं वय एकोणीस. कारण, बाळंतपणानंतर भ्रम. पुढे वेगळ्या शाईत, पूर्ण बरी. आणि पतीचा पत्ता. जुना गावाकडचा पत्ता खोडलेला, त्याखाली मुंबईच्या चाळीचा, तोही खोडलेला, आणि त्याखाली निळ्या शाईत वाशी, सेक्टर दोन, इमारतीचा नंबर, तिसरा मजला. स्वतःच्या घराचा पत्ता तिने तीनदा वाचला. तेवढ्यात बाहेर कोणीतरी बादली आपटली आणि ती खुर्चीवरून उठलीच. खाली टिपण होतं. निवारागृह तीस सप्टेंबरला बंद होत आहे, ज्यांना नातेवाईक नाहीत त्यांना नागपूरच्या पलीकडे एका संस्थेत पाठवण्यात येईल, पतीस तीनदा कळवले, उत्तर नाही.

त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा आबा बाल्कनीत बसून तिच्या आजीला वर्तमानपत्रातलं भविष्य वाचून दाखवत होते. वैजयंती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ज्या माणसाने लहानपणी तिच्या सायकलमागे धावून धावून दम लावून घेतला, तोच हा. तिला त्यांची भीती वाटली आणि भीती वाटली याचीच लाज वाटली.

कुणाला सांगावं? मॅडमना सांगितलं तर आपल्याच घरातली केस म्हणून लगेच काढून घेतील, तो नियमच होता. लपवलं हे उद्या कळलं तर वर्ष जाईल. बाबांना सांगावं तर त्यांची आई बायजाबाई, दुसरी आई त्यांनी कधी स्वप्नातही पाहिली नव्हती. म्हणून ती गप्प राहिली आणि दर खेपेला रखमापुढे वही घेऊन बसू लागली.

रखमा उंच, हाडकुळी, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. वेडाचं नावही नव्हतं. पण एक गोष्ट होती, ती वैजयंतीने समासात लिहिली नव्हती, कारण काय लिहावं तेच कळत नव्हतं. तिथल्या जुन्या सेविका पुतळाबाईंनी ती सांगितली. दर भादव्यात एक दिवस रखमा जेवत नाही. ताट आणलं की म्हणते, माझं आज बाहेर जेवण झालं, पोट भरलंय.

"कुठे जेवलात?" वैजयंतीने विचारलं होतं.

"घरी," रखमा म्हणाली. "वडं व्हतं, खीर व्हती, आळूची भाजी. गेल्या साली हिरवं लुगडं दिलं मला. त्याच्या आदल्या साली जांभळं, काठाला पिवळी रेघ."

वैजयंतीचं पेन कागदावरच थांबलं. गेल्या साली सरस्वतीबाईंना दिलेलं लुगडं हिरवं होतं. ते तिनेच आईबरोबर जाऊन आणलं होतं. जांभळ्याला पिवळी रेघ होती. डावीकडे सगळं जसंच्या तसं लिहिलं. उजवा समास कोराच राहिला.

रखमाला घरी नेण्याच्या त्या फॉर्मवर घरच्या एका माणसाची सही हवी होती. नवरा, मुलगा, किंवा सांभाळायला तयार असेल असं कुटुंबातलं कोणीही. तीस तारखेला सहा दिवस उरले होते.

अधीक्षक बाईंनी एका दिवसाच्या घरभेटीचा पास हसतमुखाने दिला. रखमाने धुतलेलं लुगडं नेसलं, कपाळाला भलंमोठं कुंकू लावलं, कापडी पिशवी काखेला मारली. कुठे न्यायचं ते वैजयंतीने सांगितलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर रखमानेच विचारलं, "आज नवमी न्हवं?"

"हो."

"मग यंदा पायांनी जायचं म्हनायचं," रखमा म्हणाली आणि खिडकीबाहेरचं खारं पाणी बघत बसली.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात ती एकदाच थांबली. दाराच्या अलीकडच्या पायरीकडे बघून तिने पदर सावरला, कुणाला तरी वाट द्यावी तशी भिंतीला लागून वर चढली. पायरीवर कोणी नव्हतं. वैजयंती काही विचारणार तोवर सुचित्राने दार उघडलं होतं.

"या, या. उन्हाचं आलात," सुचित्रा म्हणाली आणि पायांवर पाणी घालायला वाकली. रखमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ राहिला.

श्यामसुंदर काका कोपरखैरण्याहून सकाळीच आला होता. टीव्हीसमोर पाय पसरून बसला होता. त्याने मान वळवून नमस्कार केला आणि पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. सुधीर पाटाभोवती रांगोळी काढत होता. घरातलं ते काम त्याचंच. आईच्या हाताला कंप आल्यापासून त्याने ते घेतलं होतं. जन्मदातीच्या पाटाभोवती तो ठिपके देत होता आणि ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून त्याच्या टकलाकडे बघत होती. 

"देव कुठं हायेत?" रखमाने विचारलं.

बायजाबाईंनी देव्हारा दाखवला. रखमा वाकली, हात जोडले, मग मधल्या टाकाकडे बोट केलं.

"ही कोन?"

"ही आमची थोरली. हिच्याच नावानं जेवताय तुमी आज."

रखमाने टाक उचलून डोळ्यांजवळ नेला. बायजाबाईंनी हात पुढे केला, थोरलीला परक्याने हात लावलेला त्यांना खपत नसे. पण तो हात तसाच राहिला.

"नाक चुकलंय," रखमा म्हणाली आणि टाक जागेवर ठेवला.

पान वाढलं गेलं. सवाष्ण पाटावर बसली. टीव्ही बंद झाला, रिवाजच होता तसा. ती जेवत असताना घरात दुसरं कोणी बोलत नसे. सरस्वतीबाई जेवताना कशा भराभर जेवायच्या, आग्रह नको म्हणायच्या, पाचच मिनिटांत सुपारी. ही बाई मात्र एकेक पदार्थ बोटाने उचलून आधी बघत होती, मग खात होती. खीर खाल्ली. वडे मोडले, मधलं भोक न्याहाळलं. सावकाश, न थांबता, पान चाटूनपुसून रिकामं होईपर्यंत. बायजाबाई वाढत होत्या आणि ती घेत होती. चौथ्या वेळी खीर वाढताना बायजाबाईंना पातेल्याचा तळ खरवडावा लागला. श्यामसुंदर भुवई उंचावून वैजयंतीकडे बघू लागला. कुठून आणलीस ही, असं त्या भुवईत होतं. तिने नजर चुकवली.

मग ओटी. खण, नारळ, तांदूळ, निळं लुगडं. बायजाबाई गुडघे टेकून बसल्या आणि दरसालची वाक्यं म्हणू लागल्या.

"थोरलीबाई, लेकरांच्या पाठीशी ऱ्हावा. माझं काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाला."

या वाक्यांना सवाष्णीने बरं म्हणायचं असतं. एवढंच.

रखमाने त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुझी पोर म्या न्हाई गं नेली," ती म्हणाली. "ती बाहीर पायरीवर बसलीया. मगाशी तिनं मला वाट दिली. तिचा राग न्हाई कुनावर."

 सुचित्राने भिंत धरली. मुलीचं नाव या घरात तीस वर्षांत कोणी काढलं नव्हतं, आणि अशी मुलगी होती हे वैजयंतीलाही माहीत नव्हतं.

"कोण आहे ही बाई?" श्यामसुंदर उठून उभा राहिला. "वैजू, काय प्रकार आहे हा? ह्या असल्या लोकांना घरात आणतेस? सोसायटीत कळलं तर काय टेन्शन होईल कळतंय का तुला?"

"काका, त्यांचं नाव रखमा," वैजयंती म्हणाली.  "रखमा दिनानाथ शेलार. त्या मेल्या नव्हत्या. त्यांना इस्पितळात घातलं होतं. सहा महिन्यांत बऱ्या झाल्या आणि न्यायला कोणी गेलं नाही."

सुधीरच्या हाताचा धक्का लागून शेजारची रांगोळीची वाटी कलंडली. तो ती सरळ करायला गेला आणि तसाच बसून राहिला.

आतल्या खोलीचं दार उघडलं. आबा उंबऱ्यात आले. रखमाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली, नव्या नवरीने घालावी तशी.

"मी ओळखत नाही हिला," आबा म्हणाले. "नावं काय, सारखी असतात. वैजयंती, जिथून आणलीस तिथे पोचवून ये."

"आबा, फाईलवर आपल्या घराचा पत्ता आहे."

"तुझ्या त्या कॉलेजातल्या कुणी लिहिला असेल. मी तुला सांगितलं होतं तिकडे जाऊ नको म्हणून."

"झालं तर मग," श्यामसुंदर म्हणाला. "आबा नाही म्हणतायत ना? वैजू, हो पुढे. मी रिक्षा बघतो."

"थांब श्याम," सुधीर जमिनीवरूनच म्हणाला. त्याचं लक्ष रखमाच्या पावलांकडे होतं. तिच्या पायाची दुसरी बोटं अंगठ्यापेक्षा लांब होती. त्याचीही तशीच होती. चप्पल घेताना त्याला लहानपणापासून एक नंबर मोठी लागत असे.

रखमाने पिशवीत हात घातला. सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून तिने पाटावर ठेवला.

"ओळखत न्हाई म्हनतात, तर ह्ये कुनाचं?" ती म्हणाली. "दरसाल येतं. नवमी झाली की चार रोजांत."

वैजयंती सुन्न झाली. दोन महिने ती या बाईसमोर बसली होती. भेटायला कोणी येतं का, हा प्रश्न छापील यादीत होता, तो तिने विचारला होता, उत्तर आलं होतं कोणी नाही. पत्र येतं का, हा प्रश्न यादीत नव्हता. म्हणून तो विचारला नव्हता.

तिने वरचं कार्ड उचललं. अक्षर आबांचंच, उजवीकडे कललेलं, टपोरं. वाचावं की नाही कळेना. बायजाबाई म्हणाल्या, "वाच."

"चिरंजीव सौभाग्यवती रखमास आशीर्वाद. आज तुझ्या नावाने सवाष्ण जेवली. वडे, खीर, अळूची भाजी, कोशिंबीर. लुगडं हिरवं दिलं. सुधीर बरा आहे. त्याची मुलगी कॉलेजात जाते. काळजी करू नये. दिनानाथ."

तिने दुसरं घेतलं. तिसरं. शाई बदलत गेली होती, कार्डावरच्या तिकिटाची किंमत बदलत गेली होती, मजकूर तोच. लुगडं जांभळं. लुगडं विटकरी. सुधीरला नोकरी लागली. सुधीरचं लग्न झालं. आज तुझ्या नावाने सवाष्ण जेवली. घरात फक्त तिचा आवाज होता. जित्या बाईला तिच्याच श्राद्धाचं जेवण दरसाल कळवलं जात होतं, आणि ती ते वाचून त्या दिवशी उपाशी राहत होती. सुधीरने उरलेला गठ्ठा ओढून घेतला आणि एकेक कार्ड उलटंपालटं करून बघू लागला.

"यात माझ्या बहिणीचं कुठेच नाही," तो शेवटी म्हणाला. "ती झाली, गेली, काहीच नाही. आबा, तुम्ही कळवलं होतं?"

"नाही," आबा म्हणाले. ते दाराच्या चौकटीला टेकले होते. "बायजाचं मी कधीच काही लिहिलं नाही."

कुणीही पायरीकडे पाहिलं नाही.

"का पन?" बायजाबाईंनी नवऱ्याला विचारलं. त्यांचा आवाज इतका साधा होता की सुचित्रा दचकली. "का लिवीत व्हता?"

"तिला वाटू नये की विसरलो म्हणून." आबा खाली बसले. "वडिलांनी गावात सांगून टाकलं होतं, मेली, तिकडेच जाळली. दहावं घातलं. तुझी सोयरीक ठरवली. लग्नानंतर दोन महिन्यांनी मला पत्र आलं इस्पितळातून, बरी आहे, घेऊन जा. मी गेलो होतो. फाटकापर्यंत गेलो. आणायची कुठे? मेलेल्या माणसाला गावात कसं घेऊन जायचं? परत आलो. मग दरसाल वाटायचं, पुढच्या साली."

"आन मी?" बायजाबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्सं मी तिला भ्याले. पोर गेली तवा तिच्याफुडं नाक घासलं. सुदीरला रागं भरताना भ्याले, श्यामचा पाळणा हलवताना भ्याले. कावळा शिवला न्हाई की मला आठ दीस झोप न्हाई. तुमी शेजारी झोपत व्हता. तुमाला ठावं व्हतं ती कुटं भाकरी खातीया. एकदा तरी म्हनायचं, भिऊ नगं."

आबांनी जवळ पडलेलं एक कार्ड उचलून गठ्ठ्यावर ठेवलं. 

वैजयंतीने पर्समधून फॉर्म काढला. आता नाही तर कधीच नाही, एवढं तिला कळत होतं. तीस तारखेची गोष्ट तिने दोन वाक्यांत सांगितली. सही झाली नाही तर नागपूरच्या पलीकडे, आणि तिथून पुन्हा कोणी आणणार नाही.

"आबा, तुम्ही करा."

त्यांनी मान हलवली. नकार होता की हात चालत नव्हता, कोण जाणे.

"बाबा?"

सुधीरने पेन घेतलं. नाव लिहिलं त्याच्या पुढचा रकाना होता, नातं. त्याने रखमाकडे पाहिलं, मग बायजाबाईंकडे. बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, त्याचे डोळे भरून वाहू लागले. "आई लिहायचं ना? मला लिहवत नाही गं वैजू. माझी आई इथे बसलीय," तो म्हणाला आणि लिहिलेलं नाव त्याने खोडलं.

 रखमाने पिशवी जवळ ओढली, आता निघायचं असं समजून.

"आन हिकडं त्यो कागुद," बायजाबाई म्हणाल्या.

श्यामसुंदर मध्ये आला. त्याचा आवाज खाली आला होता, डोळे लाल झाले होते. "आई, ऐक माझं. दोन बायकांच्या बंदीचा कायदा तुझ्या लग्नाआधीच आला होता. ही जिवंत आहे असं तू लिहून दिलंस, तर तुझं लग्न लग्नच नाही ठरत. मग तू कोण? मी कोण? सरकारी कागद आहे तो, पुसता येत नाही. ह्यांना आपण दुसरीकडे ठेवू, चांगलं बघू, मी बघतो. पण सही करू नको."

"खरं हाय का ह्ये, वैजू?"

वैजयंतीला खोटं बोलता आलं असतं. या कामात शिकवलं होतं की माणसाला निर्णय घ्यायचा असतो तेव्हा त्याला सगळं माहीत हवं, तुम्हाला सोयीचं तेवढंच नाही. आजीवर ती वेळ येईल असं वर्गात बसून वाटलं नव्हतं.

"खरं आहे आजी. काका म्हणतात ते बरोबर आहे."

 बाहेर गच्चीच्या बाजूला कुठेतरी पंख फडफडले. मग बायजाबाईंनी हात पुढे केला, आणि आपला अंगठा वैजयंतीच्या समोर धरला.

"लाव शाई."

"आई," श्यामसुंदर म्हणाला.

"तुला म्या जनलंय श्याम. ते कागदावर न्हाई झालं." त्यांनी अंगठा कागदावर दाबला, जोर लावून, नीट. "आता काय ऱ्हायलं?"

"नातं," वैजयंती म्हणाली. "नेणाऱ्याचं नातं काय, ते लिहायचं राहिलं."

"सवत लिव."

वैजयंतीने पेन टेकवलं. स, व. तेवढ्यात तिच्या मनगटावर थंड, हाडकुळी बोटं आली. रखमा वाकून कागद वाचत होती, ओठ हलवत, एकेक अक्षर लावत.

"धाकटी सवत असं लिव गं," ती म्हणाली. "थोरली मी हाय."